काळी वायर

टक्.
एवढंच बोलते.
संध्याकाळचे सहा वाजून पाच. शिवडी, कोळसा बंदराच्या अलीकडची गल्ली.
सातला वॉर्डात हजेरी,
आणि ही, माझ्या नोकरीहून दोनच वर्षांनी धाकटी,
अंगठ्याखाली टक् म्हणून गप्प.

किकचा दांडा आहे. पण मार्चपासून तो माझ्यासाठी नाही.
उजव्या गुडघ्यात दुर्बीण घालून डॉक्टर म्हणाला,
बाई, आता लाथा मारणं बंद.
(कुणाकुणाला, ते विचारायचं राहिलं.)

मंगळवारी नवी बॅटरी आणली. चौदाशे रुपये.
जुनी दुकानदाराने काट्यावर टाकली, दोनशे वजा केले,
आणि दोन दिवस मी अशा तोऱ्यात,
जणू पेशंटला रक्ताची बाटली लावली
म्हणजे आजार कळलाच.
आज गुरुवार. टक्.

परकारचाचांना फोन लावला. ते खेडला, भाचीच्या लग्नात.
मागे पातेली, पोरं, कुणीतरी मीठ मीठ म्हणून ओरडतंय.
"हॉर्न मार."
मारला. समोर वजनकाट्यावर बसलेला माणूस दचकला.
"दिवा लाव. आता बटण दाब. दिवा मंदावला?"
नाही. जसाच्या तसा.
"म्हणजे बॅटरी देतेय. घेणारं कोणी नाही."

रोज रात्री प्रश्न मी विचारते:
खोकला कधीपासून, थुंकीत लाल दिसलं का,
गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का, खरं सांगा.
आज उकिडवं बसता येत नाही म्हणून
दोन विटांवर बसून मीच उत्तरं देतेय,
नव्या पेशंटसारखी, अर्धी घाबरून.

"न्यूट्रल?" आहे.
"क्लच?" दाबलाय.
"रिलेची दोन टोकं पान्याने जोड. आंगठी काढ आधी."
आंगठी नाहीच. ते त्यांना ठाऊक नाही.
जोडली. उदबत्तीच्या टोकाएवढी ठिणगी.
मोटर ढिम्म.

तिसऱ्या मजल्यावरून डिप्लोमावाली हर्षाली मीटर घेऊन उतरली,
अजून शाळेच्याच कंपासपेटीत ठेवते.
एक टोक बॅटरीच्या उण्याला, दुसरं मोटरच्या अंगाला.
"दाब बटण. शून्याच्या आसपास यायला हवं."
अकरा.
हर्षालीने मीटर झटकला. अकराच.

"काळी वायर कुठे जाते?"
इंजिनामागे, सांगाड्याच्या बोल्टला.
"बोल्ट काढ. खाली काय आहे?"

मोबाईलचा उजेड टाकला.
खाली रंग होता.
चंदेरी. खिडकीच्या ग्रिलचा उरलेला डबा,
दसऱ्याच्या आदल्या दुपारी
सांध्यासांध्यात ब्रश घालून मी
खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं सगळं झाकलं होतं,
हा बोल्टसुद्धा काढून, खालून.
काम अर्धवट नको म्हणून.

फोनवर थोडा वेळ नुसतं लग्न.
मग, "कुणी मारला?"
मी.
"चांगलाच मारला असशील.
पण अर्थ लागत नाहीये तिला."

अर्थिंगला ते अर्थच म्हणतात, पहिल्यापासून.
हर्षाली हसली.
मी पॉलिश पेपर शोधत होते.

घासला. चंदेरी गेला,
खाली तांबेर लागली, तिची लाल पूड नखांत बसली,
तीही गेली,
मग पावलीएवढं उघडं लोखंड,
नुसतं, कसलीच तयारी नसलेलं.
त्यावर वायर, बोल्ट,
आणि वरून बोटभर व्हॅसलीन, वॉर्डातल्या डब्यातलं
(पाठीच्या जखमांसाठी असतं. उद्या भरून ठेवीन).

हर्षाली म्हणाली, थांबा ताई, मी मागे सरकते.
दाबलं.

आधी एक जड वळसा, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा,
आणि मग एकदम सगळी गल्ली थरथरली,
वजनकाट्याचा काटासुद्धा.
मी काहीतरी ओरडले असणार,
कारण खेडमध्येही कुणीतरी विचारलं, काय झालं.

फोन चालूच होता.
चाचा ऐकत होते.
लग्न ऐकू येईना, म्हणजे तोंडापाशी हात धरून उभे असणार.
"टॅपेट वाजतायत," म्हणाले.
"सोमवारी घेऊन ये."